कऱ्हेकाठचे पंत आणि सोलापूरचा डफ

कविवर्य मोरोपंत बारामतीत वारले, तो दिवस चैत्री पौर्णिमेचा होता. शके १७१६, इंग्रजी तारीख १५ एप्रिल १७९४. बारामतीकरांना ही तारीख नवी नाही. पण परवा इफ्तारनंतर सहज म्हणून मी ती हिजरी कालगणनेशी ताडून पाहिली आणि थोडा वेळ कागदाकडे बघतच राहिलो. हिजरी १२०८ चा रमजान त्या वर्षी एप्रिलच्या अगदी सुरुवातीला लागला होता. म्हणजे पंत गेले तेव्हा रमजान निम्म्यावर आला होता. एका पंचांगातला चैत्री पौर्णिमेचा चंद्र हाच दुसऱ्या पंचांगातला रमजानचा चौदावीचा चांद होता. गावात एकीकडे हनुमान जयंती, दुसरीकडे रोजे, आणि कऱ्हेच्या काठी चाळीसेक वर्षं लिहीत असलेला एक हात त्या दिवशी थांबला.

रमजानच्या या पानावर आपण एरवी सूफी संतांविषयी, दर्ग्यांविषयी, सणाच्या आठवणींविषयी वाचतो. आज मी मोरोपंतांविषयी लिहितोय. ते सूफी नव्हते. ते रामभक्त, संस्कृत विद्येत वाढलेले पंडित कवी होते आणि त्यांना ओढूनताणून आपल्या पंगतीत बसवण्याचा माझा विचार नाही. कारण वेगळं आहे. जे वेड आपलं नाही, ज्या स्वप्नात आपल्याला गोडी नाही, त्याच्याशी माणसाने कसं वागावं, याचा धडा पंतांच्या आयुष्यात दोनदा येतो. एकदा दुसऱ्याने त्यांना तसं वागवलं, एकदा त्यांनी दुसऱ्याला. आणि सध्या हाच प्रश्न माझ्या घरात येऊन बसला आहे. तो शेवटी सांगतो. आधी पंत.

मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळगडावरचा. घराणं मूळचं कोकणातलं, राजापूरकडच्या सौंदळचं. पन्हाळ्यावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांचं शिक्षण झालं. काव्य, व्याकरण, अलंकार, वेदान्त, सगळं रीतसर. त्यांचे वडील नोकरीच्या निमित्ताने बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या पदरी आले आणि मागोमाग पंतही आले. तेव्हा त्यांचं वय तेवीस-चोवीस असेल. पुढे बारामती हेच त्यांचं गाव झालं आणि इथेच त्यांचा शेवट झाला.

आता हे बाबूजी नाईक कोण? आज कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा पाहताना लोकांना तटबंदी दिसते, बुरूज दिसतात. पण या घराण्याचं खरं बळ होतं पैशात. नाईक हे बडे सावकार. थोरल्या बाजीरावांना मोहिमांसाठी ज्यांनी कर्ज दिलं, त्यांत नाईक मोठे. नात्याने जवळचे सुद्धा, कारण बाबूजींचे भाऊ आबाजी यांच्याशी बाजीरावांच्या बहिणीचं, भिऊबाईंचं लग्न झालेलं. पण व्यवहारात नातं चालत नाही. कर्जाच्या तगाद्यावरून पेशवे आणि नाईक यांच्यात चांगलंच वितुष्ट आलं.

१७४० मध्ये बाजीराव वारले. पेशवेपद कोणाला द्यायचं हा प्रश्न साताऱ्याला शाहू महाराजांपुढे आला, तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईकांचं नाव पुढे केलं. क्षणभर कल्पना करा, पेशवाईची गादी पुण्याऐवजी बारामतीला आली असती. पण महाराजांनी पद दिलं बाजीरावांच्या मुलाला, बाळाजी बाजीरावांना, म्हणजेच नानासाहेबांना. पुढे नाईकांनी कर्नाटकची कामगिरी मागून घेतली, तीही तडीस गेली नाही. म्हणजे पंत बारामतीत आले तेव्हा त्यांचा धनी हा मोठं स्वप्न पाहून ते हरलेला माणूस होता. हुंड्या, व्याज, मोहिमा, दरबारातली चढाओढ हे त्याचं जग.

अशा माणसाच्या वाड्यात हा तरुण पुराण सांगायला बसला. घरातल्या मुलांना शिकवायला लागला. आणि उरलेल्या सगळ्या वेळात त्याने जे आरंभलं, ते पाहून कोणाही हिशेबी माणसाने कपाळाला हात लावला असता.

पंतांना आर्येचं वेड होतं. आर्या म्हणजे मात्रांवर चालणारं वृत्त. पंतांच्या बहुतेक आर्या तीस-तीस मात्रांच्या दोन ओळींच्या. त्यात यमक हवं, तेही साधंसुधं नाही, दोन-तीन अक्षरं जुळतील असं. या वृत्तात त्यांनी सबंध महाभारत मराठीत आणलं. त्याचं नाव आर्याभारत. हरिवंश आणला, भागवत आणलं. आणि रामायण? ते एकदा लिहून त्यांचं भागलं नाही. त्यांच्या रामायणांना अष्टोत्तरशत रामायणे म्हणतात, म्हणजे एकशे आठ. कथा तीच, पण दरवेळी नवी अट. कधी वृत्त वेगळं, कधी रचनेची खुबी वेगळी. मंत्ररामायणात कडव्यांची पहिली अक्षरं ओळीने वाचत गेलं की रामाचा तेरा अक्षरी मंत्र हाती येतो. त्यांची एकूण कविता पाऊण लाखाच्या घरात जाते असं अभ्यासक सांगतात.

यातलं निरोष्ठ रामायण मी वर्गात मुलांना मुद्दाम सांगतो. निरोष्ठ म्हणजे ओठांविना. ज्या अक्षरांना ओठाला ओठ लावावा लागतो ती वापरायचीच नाहीत. प, फ, ब, भ, म बाद. मुलांना मी म्हणतो, करून बघा. माय म्हणता येणार नाही. बाप म्हणता येणार नाही. भाकरी नाही, पाणी नाही. आणि सगळ्यांत मोठी पंचाईत म्हणजे राम म्हणता येणार नाही, कारण म हा ओठांचा. रामाची कथा सांगायची आणि राम हे नाव तोंडून जाऊ द्यायचं नाही. वर्गात आधी हशा होतो. मग एखादी मुलगी खरंच वहीत दोन ओळी लिहून बघते आणि तिच्या लक्षात येतं की हे काय काम आहे.

मला स्वतःला हे वेड ओळखीचं वाटलं ते उर्दूच्या वाटेने. अकबराच्या दरबारातला कवी फैजी हा अबुल फजलचा थोरला भाऊ. त्याने १५९३ च्या सुमारास कुराणाचं अरबी भाष्य पूर्ण केलं, आणि त्यात स्वतःच्या भाष्यात एकही नुक्तेवालं अक्षर वापरलं नाही. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी पंधरा अक्षरांना नुक्ता म्हणजे टिंब असतं. निम्म्याहून जास्त अक्षरं सोडून द्यायची आणि उरलेल्या तेरांत धर्मग्रंथाचा अर्थ सांगायचा. गंमत म्हणजे इस्लामचा पहिला कलमा अरबीत लिहून पाहा, त्यात एकही नुक्ता नाही. हा फैजी अकबराचा वकील म्हणून आपल्याच मुलखात, तेव्हाच्या अहमदनगरला निजामशाही दरबारात येऊन गेला होता. मोरोपंतांच्या काळातलाच उर्दूचा इंशा अल्लाह खाँ इंशा, त्यानेही एक कहाणी बिननुक्त्याची लिहिली आणि दुसरी एक अशी लिहिली की तिच्यात अरबी-फारसीचा शब्दच येऊ द्यायचा नाही.

फैजी, इंशा आणि मोरोपंत. तिघांची भाषा वेगळी, श्रद्धा वेगळी, गाव वेगळं. पण आपल्याच हाताने आपल्याला बेडी घालून मग नाचून दाखवायची ही हौस एकच. ज्याला ती नाही त्याला हा रिकामा उद्योग वाटतो. ज्याला ती आहे त्याला त्याशिवाय झोप येत नाही.

आता पुन्हा वाड्याकडे येऊ. सावकाराच्या वहीत या उद्योगाचं खातं कुठे टाकणार? एक रामायण देवाच्या कामी आलं असं म्हणता येईल. दुसरं, तिसरं, पन्नासावं? नाईकांनी पंतांना पोटाची ददात पडू दिली नाही. राहायला घर, मान आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. असा आश्रयदाता कवीकडून आपल्या घराण्याचे पोवाडे लिहून घेऊ शकतो. पेशव्यांशी वैर असलेल्या, दरबारात हरलेल्या माणसाला तर ती गरजही असते. पण पंतांचे विषय राहिले राम, कृष्ण, पांडव आणि संत. पानिपत झालं तेव्हा पंत बत्तीस वर्षांचे होते. माधवराव पेशवे गेले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचं कारस्थान झालं, इंग्रजांशी लढाई झाली. मराठी मुलूख हलत होता आणि बारामतीत एक माणूस यमक जुळवत होता. त्याला कोणी उठवलं नाही. आश्रय म्हणतात तो हाच. दुसऱ्याच्या वेडाची गोडी आपल्याला असलीच पाहिजे असं नाही, त्याच्या अंगणातून सारखं ये-जा न करणं एवढं पुरतं.

हा पहिला धडा. दुसरा धडा सोलापूरहून आला.

सोलापूरच्या जोशी घराण्यात राम नावाचा मुलगा होता. वेदविद्येचं घर. थोरले भाऊ मुद्गल जोशी विद्वान, पुराण सांगणारे. आणि धाकट्याचा जीव गुंतला शेजारच्या तमाशात. ढोलकी, डफ, तुणतुणं ऐकलं की पोरगं घरात थांबेना. पुढे तो स्वतः लावण्या रचायला लागला, फडावर उभा राहायला लागला. ब्राह्मणाच्या मुलाने तमाशात उभं राहायचं हे अठराव्या शतकात घराची अब्रू जाण्यासारखंच होतं. परंपरा सांगते की भावाने त्याला घराबाहेर काढलं. राम पंढरपूरला गेला, तिथे शास्त्र्यांकडे राहून संस्कृत शिकला, पंडित झाला. पण पंडित झाल्यावरही त्याच्या हातातला डफ सुटला नाही. उलट त्याची लावणी आता संस्कृतचा साज लेवून फडावर येऊ लागली.

राम जोशींचं नाव पसरत बारामतीपर्यंत आलं. सोलापूरहून बारामतीला यायचं तर वाट आजही इंदापूरवरून आहे. याच वाटेने रोज एसटीने माझं कॉलेजला जाणं-येणं, त्यामुळे हा प्रसंग मला नेहमी त्या रस्त्यावरच दिसतो. उसाच्या फडांऐवजी तेव्हाचं कोरडं माळरान, आणि डफ-ढोलकी घेऊन चाललेली फडाची माणसं. पंत तेव्हा वयस्कर. मराठी मुलखात त्यांच्या विद्वत्तेचा दबदबा. फडावरच्या शाहिराला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं तरी त्या काळात कोणी नाव ठेवलं नसतं.

परंपरा सांगते की पंतांनी त्याला ऐकलं. पदरी एवढी विद्या असलेला म्हातारा पंडित डफावरची कविता ऐकायला बसला, आणि त्या कवितेत किती दम आहे हे त्याने ओळखलं. स्वतः आयुष्यभर यमकांच्या मागे लागलेल्या माणसाला समोरच्याच्या यमकाची जात कळणारच. आपल्या सख्ख्या भावाला जे ऐकू आलं नाही, ते या परक्या म्हाताऱ्याला ऐकू आलं, हे राम जोशींच्या मनाला किती लागलं असेल!

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. राम जोशींनी डफ टाकला आणि ते कीर्तनाकडे वळले. १९४७ मध्ये राजकमलने काढलेल्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटामुळे ही कथा घराघरात पोचली. ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि जयराम शिलेदारांचा आवाज, आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला हा चित्रपट पाठ होता.

इथे एक शंका कोणीही काढेल, आणि माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने ती काढलीच. शेवटी पंतांनी काय केलं? तमाशातल्या माणसाला कीर्तनात नेलं. म्हणजे आपल्याच वाटेवर आणलं. याला आदर म्हणायचा की सुधारणा? शंका खोटी नाही. पंत त्यांच्या काळाचे होते आणि कीर्तन हे लावणीपेक्षा वरचं, यात त्यांना संशय असण्याचं कारण नव्हतं. पण त्या विद्यार्थ्याला मी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे राम जोशींच्या लावण्या बुडाल्या नाहीत. त्या आजही गायल्या जातात, अभ्यासल्या जातात. दुसरी जास्त महत्त्वाची. पंतांच्या आर्या वाड्यात आणि पंडितांच्या बैठकीत होत्या. त्या गावोगावच्या देवळांत, पारांवर, न शिकलेल्या माणसांच्या कानांपर्यंत गेल्या त्या राम जोशींच्या कीर्तनातून. फडावर कमावलेला गळा, लोकांना धरून ठेवण्याची कला, शब्द कुठे उचलायचा नि कुठे सोडायचा याची जाण, हे सगळं तमाशाने राम जोशींना दिलं होतं. तेच पंतांच्या उपयोगी पडलं. म्हणजे देणं एकाच बाजूने झालं नाही. पंडिताला शाहिराची गरज होती. फक्त ती गरज आपल्याला आहे हे पंतांना आधी ठाऊक नव्हतं. ते ऐकायला बसले म्हणून कळलं.

पंतांच्या वाट्याला मात्र पुढे असा ऐकणारा दरवेळी मिळाला असं नाही. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'त त्यांची कविता आली आणि शाळकरी मुलांच्या तोंडी बसली. पण नव्या शिक्षणाने डोळे उघडलेल्या पिढीला हे सगळं शब्दांचे खेळ वाटू लागलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत पंतांच्या कवितेची बाजू घ्यावी लागली. ल. रा. पांगारकरांनी १९०८ मध्ये त्यांचं मोठं चरित्र लिहिलं. तरी यमक्या कवी हा शिक्का पुसला गेला नाही. खेळकर टीका ठीक आहे. पण अशी टीका करणाऱ्यांनी 'केकावली' एकदा तरी सावकाश वाचावी. केका म्हणजे मोराची हाक. पंतांनी आपल्या नावावरून हा शब्द घेतला आणि म्हातारपणी देवाला मारलेल्या हाकांचे सुमारे एकशे वीस श्लोक पृथ्वी वृत्तात लिहिले. तिथे कारागिरी आहेच, पण तिच्याआडून एक थकलेला, घाबरलेला, क्षमा मागणारा माणूस बोलतो. रमजानच्या रात्री तरावीहनंतर दुआसाठी हात उचलताना जी अवस्था असते, ती मला तिथे भेटते. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हाही भेटली होती.

ते पुस्तक मला अब्बांनी आणून दिलं होतं. अब्बांचं बारामतीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढणं, छऱ्या बदलणं, रिमचा आउट काढणं. मी दुकानात बसावं अशी त्यांची इच्छा होती. मी उर्दू शाळेत शिकलेला, आणि पुढे एम. ए. मराठी करायचं म्हणालो. नात्यातल्या काहींनी विचारलं की मुसलमानाचा पोरगा मोरोपंत वाचून करणार काय. अब्बांना मोरोपंत कोण ते नीट ठाऊक नव्हतं, देवनागरीही ते अक्षर लावत लावत वाचायचे. पण पुण्याला सामान आणायला गेले तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'केकावली' शोधून घेऊन आले. हाताच्या ग्रीसचा डाग तिच्या पुठ्ठ्यावर अजून आहे. दुकान त्यांनी पुढे दुसऱ्याला चालवायला दिलं. त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला ढोलकीचं वेड लागलंय. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या लोककलेच्या कार्यक्रमात कोणाचं तरी वाजवणं ऐकलं आणि तेव्हापासून तो शिकतोय. पैसे साठवून स्वतःची ढोलकी घेतली. तासन्‌तास कड्या ओढून सूर लावत बसतो. पुढे हेच करायचं म्हणतो. अकरावीचे मार्क घसरले, आणि रमजान लागायच्या आदल्या दिवशी मी ती ढोलकी उचलून माळ्यावर टाकली. कारण काय दिलं? हा इबादतीचा महिना आहे. तो काही बोलला नाही. रोजे त्याने एकही न चुकवता ठेवले आहेत, नमाजही. आणि मला आतून ठाऊक होतं की मी रमजानचं नाव पुढे करून माझी भीती लपवली. डॉक्टर, इंजिनिअर नाही तर निदान प्राध्यापक, एवढ्यातच माझं स्वप्न फिरत होतं. लोक काय म्हणतील हा विचार सुद्धा त्यात होता. प्राध्यापकाचा मुलगा ढोलकी वाजवतो.

गेल्या आठवड्यात सहरीला मी पाहिलं, दस्तरखानाच्या कडेवर त्याची बोटं चालली होती. आवाज न करता. त्याचं त्याला भान नव्हतं. अम्मीने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, पण ती नजर मला ओळखीची होती. अब्बा मला पुस्तक देत होते तेव्हा ती तिथेच उभी होती.

त्याच दिवशी एसटीतून इंदापूरला उतरलो तेव्हा मालोजीराजांची आठवण झाली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, त्यांची गढी आणि स्मारक तिथे आहे. हा तलवारीचा माणूस. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना त्याने गुरू मानलं, त्यांना मठ बांधून दिला असं परंपरा सांगते. हे शेख महंमद जन्माने मुसलमान, आणि 'योगसंग्राम' लिहिला मराठी ओवीत. मालोजींनी आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती नगरच्या शाह शरीफ यांच्यावरून, असंही सांगतात. आपल्या या मुलखात हे नवं नाही. लढणाऱ्याने लिहिणाऱ्याला, सावकाराने कवीला, पंडिताने शाहिराला जागा दिली. प्रत्येक वेळी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं स्वप्न वेगळंच होतं, आणि देणाऱ्याने आपलं स्वप्न सोडलं नाही. बाबूजी नाईक सावकारच राहिले, मालोजीराजे लढता लढताच गेले.

रोजा म्हणजे फक्त अन्नपाणी सोडणं नव्हे, हे आपण दरवर्षी एकमेकांना सांगतो. जिभेचाही रोजा असतो, रागाचाही असतो. आपल्या मताचा हट्ट थोडा वेळ बाजूला ठेवून समोरच्याचं ऐकणं, हाही मला आता त्यातलाच भाग वाटतो. अन्नापेक्षा तो सोडणं मला तरी जड गेलं. मोरोपंतांना ते साधलं, कारण आपलं स्वतःचं वेड लोकांना किती विचित्र दिसतं हे त्यांना ठाऊक असणार. मीही तसाच एक वेडा आहे, मोरोपंत वाचणारा मुसलमान. मला तरी हे आधी कळायला हवं होतं.

परवा, ज्या रात्री तारखा जुळवत बसलो होतो, त्याच रात्री मी स्टूल घेऊन माळ्यावरून ढोलकी खाली काढली. धुळीने माखली होती, एका बाजूचं कातडं सैल पडलं होतं. मुलाने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि कड्या तपासायला लागला. बारावीचा अभ्यास त्याला करावाच लागेल, ते मी सोडलेलं नाही, आणि पुढे काय करायचं यावर आमचं एकमत झालेलं नाही. ढोलकीतलं मला काही कळत नाही. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, शिरखुर्मा खाऊन झाल्यावर, त्याचं वाजवणं मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये एक शब्दही न बोलता, एवढं मी त्याला कबूल केलं आहे.